तंबोरा हिंदकळतोय? मोटर खोलण्याआधी घड्याळ घ्या

ख्यालाची एलपी लावलीय. गवई अजून सुरू झालेला नाही, नुसता तंबोरा वाजतोय. आणि कुणी पाळण्यात ठेवून झोका द्यावा तसा तो वर-खाली होतोय. रेकॉर्ड प्लेअरचा वेग बिघडल्याचं हे पहिलं लक्षण. सिनेमातल्या गाण्यात ते पटकन कळत नाही, कारण तिथं सूर सतत बदलत असतो. तंबोऱ्याचा षड्ज जागचा हलायला नको असतो, म्हणून चोर तिथंच सापडतो. मिरजेच्या तंबोरेवाल्यांनी जवारी लावताना जेवढा कान लावला असेल, त्याचा शंभरावा हिस्सा लावला तरी आपलं काम होतं.

दुसरं लक्षण : सूर हलत नाही, पण सगळंच उतरलेलं किंवा चढलेलं वाटतं. बाई गातेय की बुवा, असा प्रश्न पडतो. तिसरं : लावल्यावर पहिली दहा मिनिटं रड, मग ठीक. चौथं : सुई टेकली की वेग पडतो, धूळ पुसायचा ब्रश टेकवला तर प्लॅटर, म्हणजे रेकॉर्डखालची फिरती थाळी, थांबतोच. पाचवं : सूर हलण्याबरोबर खालून धप्-धप् असा ठोका येतो.

निपाणीहून एक काका आपला प्लेअर पिशवीत घालून आले आणि दारातूनच म्हणाले, “बघा की वो, गाणारा पिऊन गाउलालाय काय?” मला ही तक्रार तोवर इतक्यांदा ऐकून झाली होती की पिशवी उघडण्याआधीच मी घड्याळ शोधायला लागलो. बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या घरी येणाऱ्या बहुतेक प्लेअरांचं दुखणं हेच. आणि बहुतेकांनी माझ्याकडं येण्याआधी स्वतः किंवा दुसऱ्याकडून मोटर उघडलेली असते. मोटर ही तपासणीत शेवटची गोष्ट आहे. आधी फुकटातली कामं.

पहिलं काम, फुकट : झोका मोजा

३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डची एक फेरी १.८ सेकंदांत होते. म्हणजे दहा फेऱ्या १८ सेकंदांत. लेबलवर कागदाचा लहानसा तुकडा ठेवा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि आधी वेग बघा : शंभर फेऱ्या बरोबर तीन मिनिटांत व्हायला हव्यात. मग डोळे मिटून तंबोऱ्याचे झोके मोजा. दहा झोक्यांना १८ सेकंद लागले, तर दर फेरीला एकदा काहीतरी बिघडतंय. म्हणजे दोष रेकॉर्डमध्ये किंवा प्लॅटरमध्ये. झोका त्याहून जलद असेल, सेकंदाला चार-सहा वेळा थरथर असेल, तर मोटरच्या दांड्यावरची पुली, मोटर किंवा रबरी चाक. झोक्याला ठरावीक वेळच नसेल, कधी हलला, कधी दोन मिनिटं नीट, तर बेल्ट, म्हणजे मोटरकडून प्लॅटर फिरवणारा रबरी पट्टा, घसरतोय किंवा वीजपुरवठा गडबडतोय.

या एका मोजणीनं निम्मी दिशा ठरते. ती न करता स्क्रूड्रायव्हर हातात घेणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

दुसरं, फुकट : रेकॉर्डच वाकडं आहे का?

झोका १.८ सेकंदांचा असेल तर दुसरी एलपी लावून बघा. दुसरी नीट वाजली तर प्लेअर निर्दोष आहे, त्याला हात लावू नका.

इथं जरा थांबतो, कारण याच दोषानं सर्वांत जास्त चांगले प्लेअर विनाकारण उघडले गेलेत. रेकॉर्डचं मधलं भोक नेमकं मध्यावर नसतं. कारखान्यात दाबताना थोडं सरकतं. सुई धरणारा आर्म दर फेरीला डावीकडं-उजवीकडं डुलताना दिसला की समजायचं, भोक सरकलंय. आता हिशेब बघा. भोक १ मिलिमीटर सरकलेलं असेल, तर रेकॉर्डच्या सुरुवातीला, जिथं खोबणी मध्यापासून साधारण १४५ मिमीवर असते, तिथं वेग वर-खाली ०.७ टक्के होतो. शेवटाकडं, ६० मिमीवर, तोच दोष १.७ टक्क्यांवर जातो. एका अर्धस्वराचं अंतर सुमारे ६ टक्के. म्हणजे शेवटच्या द्रुतात सूर पाव अर्धस्वराहून जास्त वर जातो आणि तेवढाच खाली येतो. म्हणून लक्षात ठेवायची खूण : झोका रेकॉर्डच्या शेवटाकडं वाढत गेला, तर भोक. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच राहिला, तर प्लेअर.

उपाय? भोक कानसीनं किंचित मोठं करून रेकॉर्ड डोळ्यानं मध्यावर आणणारे लोक आहेत. मी एकदा केलं, आता करत नाही. सुटं लेबल आणि कायमचं ढिलं भोक एवढंच हाती लागलं.

आर्म आडवा न डुलता वर-खाली उड्या मारत असेल, तर तबकडी वाकली आहे. आमच्याकडं पावसाळ्यात रेकॉर्डला बुरशी धरते, म्हणून लोक ती उन्हात वाळत घालतात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवतात. रेकॉर्ड वाकतं ते तिथं. बुरशी कापडानं आणि पाण्यानं जाते, वाक सहज जात नाही.

याच टप्प्यावर आणखी एक : लेबलवर आणि प्लॅटरच्या कडेवर समोरासमोर चिकटपट्टीचे दोन ठिपके लावा. पाच मिनिटं वाजवा, ब्रश टेकवा. ठिपके समोरासमोर राहिले नाहीत, तर रेकॉर्ड मॅटवर, म्हणजे प्लॅटरवरच्या चटईवर, घसरतंय. फेल्टचा मॅट आणि वाकलेली तबकडी हे जोडपं असं करतं. रबरी मॅट घाला, संपलं.

तिसरं, जवळपास फुकट : वीज, अडॅप्टर, सपाटी

हल्लीचे सुटकेससारखे प्लेअर आणि बरेच स्वस्त बेल्टवाले बाहेरच्या अडॅप्टरवर चालतात. अडॅप्टर हरवला की लोक घरातला राउटरचा खुपसतात. व्होल्टेज तेच असलं तरी विद्युतप्रवाह पुरेलच असं नाही, आणि पुरला नाही की मोटर दमते. अडॅप्टरवर छापलेलं व्होल्ट आणि अँपिअर प्लेअरच्या मागच्या छपाईशी जुळवून बघा. हा दोष मी बेल्ट बदलून झाल्यावर पकडला आहे, म्हणजे आधी पैसे घालवले आणि मग वाचलं.

थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या जुन्या प्लेअरांचं वेगळं. त्यांतल्या बेल्टवाल्यांची मोटर बहुधा सिंक्रोनस असते, म्हणजे तिचा वेग व्होल्टेजवर नाही, विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. खानापूर भागात पंपसेट सुरू झाले की दिवे मंद होतात, पण अशा मोटरचा वेग बहुधा पडत नाही. रबरी चाकाच्या जुन्या दणकट प्लेअरांत मात्र इंडक्शन मोटर असते. व्होल्टेज पडलं की तीही पडते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड लावून मोजणी करू नका. साधा चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर मोटरला गुरगुरायला लावतो आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो.

सपाटीसाठी गवंड्याची लेव्हल पुरते. प्लॅटरवर ठेवा, नव्वद अंशांत फिरवून पुन्हा बघा. तिरका प्लेअर सूर फारसा हलवत नाही, पण लोंबत्या स्प्रिंगांच्या प्लेअरमध्ये बेल्ट पुलीवर वर-खाली चढतो. त्यानं हलतो.

अमेरिकेहून आलेला प्लेअर

हे वेगळं लिहायला हवं, कारण दर दोन-तीन वर्षांनी टिळकवाडीतल्या कुणाचा तरी मुलगा तिकडून एक सुंदर जुना बेल्टवाला घेऊन येतो. सोबत व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर असतो. लावला की काळी पाचमधली बाई पांढरी पाचच्याही खाली गाते.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडं ६० हर्ट्‌झ, इथं ५०. मोटर सहातल्या पाच भागांनीच फिरते आणि ३३⅓ च्या जागी जेमतेम २७.८ फेऱ्या होतात, तीन अर्धस्वरांहून थोडं जास्तच खाली. सूर स्थिर असतो, हलत नाही. म्हणून ही बेल्टची तक्रार नव्हे.

उपाय इथंच आहे आणि तो मला फार आवडतो. उद्यमबागेत लेथवाल्यांची कमतरता नाही. पुली सहा-पंचमांश पट जाड करून घ्यायची. मात्र बेल्टची जाडी हिशेबात घ्या. १० मिमीची पुली आणि ०.६ मिमीचा बेल्ट असेल, तर १२ नव्हे, १२.१ मिमीची करायची. पितळेची करा आणि भोक मोटरच्या दांड्यावर घट्ट, पण न ठोकता बसेल असं सांगा. भोक मध्यावर नसेल तर पुली डुलते, आणि उतरलेल्या सुराच्या जागी थरथरता सूर मिळतो. हायड्रॉलिकचे भाग कापणाऱ्या माणसाला असल्या बारीकपणाचं कौतुक असतं. त्याला आधी गाणं ऐकवा, मग काम द्या. नवी आणि जुनी पुली, दोन्ही जपून ठेवा.

डायरेक्ट ड्राइव्ह (प्लॅटर थेट मोटरच्याच दांड्यावर) किंवा अडॅप्टरच्या मोटरला हा त्रास नाही.

चौथं, शंभर-दोनशे रुपये : बेल्ट आणि पुली

झोका अनियमित, ब्रश टेकवल्यावर वेग पडतो, दहा मिनिटांनी सुधारतो. हे बेल्टचं. प्लॅटर उचला. बेल्ट काढून टेबलावर ठेवा. तो आपोआप गोल न पडता पुलीच्या बाजूला कोपरा धरून बसला असेल, तर महिनोन्‌महिने न वाजवता तसाच ताणून ठेवलाय. तेवढ्यानं बेल्टच्या दर फेरीला एक हिसका येतो. नियमित वाजवलात तर कोपरा जातोही.

बेल्ट कोमट पाण्यात साबणाच्या दोन थेंबांनी धुवा, सावलीत वाळवा. पुली आणि प्लॅटरच्या आतली कडा आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, पुसा. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडं तो मिळतो. औषधाच्या दुकानातला स्पिरिट नको, त्यात तेलकट अंश असतो. कापसावर काळी डांबरासारखी चिकट घाण आली, तर जुना बेल्ट विरघळलाय. तो फेकाच, आणि घाण पूर्ण जाईपर्यंत पुसत राहा, नवा बेल्ट त्याच डांबरावर बसवू नका.

नवा बेल्ट घेताना जुन्याला दोन्ही बाजूंनी सपाट दाबून लांबी मोजा आणि दुप्पट करा. जुना ताणलेला असतो, म्हणून त्याहून थोडा लहान मागा. बेल्ट फार घट्ट असला तर मोटरचा दांडा एका अंगाला दाबला जातो आणि गुरगुर वाढते, तेव्हा “घट्ट बसतो म्हणजे चांगला” हे इथं खरं नाही.

सायकलच्या ट्यूबची रिंग कापून लावणारे मला दर वर्षी भेटतात. फिरतं, हे कबूल. पण ट्यूबची जाडी सगळीकडं सारखी नसते. १० मिमीच्या पुलीवर बेल्टच्या जाडीत ०.१ मिमीचा फरक पडला, तर वेगात जवळपास एक टक्क्याचा फरक पडतो. म्हणजे तुम्ही शंभर रुपये वाचवून तंबोरा पुन्हा पाळण्यात ठेवता.

जात कोणती, दुखणं कोणतं

इथून पुढं तुमचा प्लेअर कोणत्या घडणीचा आहे हे कळायला हवं. मंडळी यावर रात्ररात्र भांडतात, मी कानाचं सांगतो.

रबरी चाकाचे, म्हणजे आयडलर. मोटर एका रबरी चाकाला फिरवते, चाक प्लॅटरच्या कडेला. इंग्लंडचा गॅरार्ड ३०१ हा १९५४ सालचा नमुना अजून लोक जपतात. तबल्याची थाप यांच्यावर ऐकावी. पकड अशी की ब्रश टेकवा, बोट टेकवा, बधत नाही. पण मोटरची गुरगुर चाकातून थेट सुईपर्यंत येते, आणि विलंबितात तंबोऱ्याखाली ती ऐकू येते.

बेल्टवाले शांत. १९६१ साली अमेरिकेच्या एआर कंपनीनं स्प्रिंगांवर तरंगणारा बेल्टचा प्लेअर काढला आणि पुढं अनेकांनी तो मार्ग धरला. पायाखालची फरशी हलली तरी सुई हलत नाही, मोटरचा आवाज रबर गिळतं. बदल्यात बेल्ट हा कायमचा नाजूक धागा. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची रेकॉर्ड मी बेल्टवरच लावतो. त्यांच्या मध्येच थांबून घेतलेल्या जागांत खालची शांतता लागते.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटरचा दांडा हाच प्लॅटरचा दांडा. टेक्निक्सचा एसपी-१० १९७० मध्ये आला, एसएल-१२०० १९७२ मध्ये. सुराच्या स्थिरतेत यांना तोड नाही. पेटीचा लांब सूर धरला की कळतं. बिघडत नाहीत फार, पण बिघडले तर घरी दुरुस्त होत नाहीत.

पाचवं : आयडलरचं चाक

धप्-धप् ठोका. प्लेअर वेगाच्या खटक्यात तसाच ठेवून बंद केला, की चाक दांड्याला दाबलेलं राहतं आणि रबरात खळगा पडतो. बंद करताना खटका मधल्या जागी आणा, एवढी सवय लावली तर निम्मे आयडलर आजारी पडणार नाहीत. खळगा बारीक असेल तर दोन-तीन दिवस रोज तासभर वाजवा, भरून येतो कधीकधी. नाहीतर चाक काढा, आयपीएनं पुसा, त्याच्या मधल्या दांड्याला एक थेंब शिलाई मशीनचं तेल. रबरावर तेल नको.

पॉलिश पेपरनं खळगा घासायचा मोह आवरा. मी एका चाकाला हातानं घासून गोलाचा अंडाकृती करून दिलाय. त्याच्या मालकानं काही म्हटलं नाही, हे जास्त लागलं. चाकाला नवं रबर चढवून मशीनवर गोल करून घेणं हेच योग्य, आणि ते लेथवाल्याचंच काम.

सहावं : बेअरिंगचं तेल

लावल्यावर पहिली दहा मिनिटं वेग कमी, आणि बेल्ट नवा असूनही तसंच, तर प्लॅटरच्या दांड्याखालचं तेल सुकून डिंक झालंय. थंडीत, डिसेंबरच्या सकाळी, हे जास्त दिसतं. बेल्ट काढून प्लॅटर हातानं फिरवा. हलका प्लॅटर फार वेळ फिरत नाही हे खरं, पण चार-पाच फेऱ्यांत थांबला तर शंकाच नको. दांडा सरळ वर उपसा. तळाशी एक लोखंडी गोळी असते. ती तेलात चिकटून दांड्याबरोबर वर येते आणि टुणकन टेबलाखाली जाते. पांढरं फडकं अंथरूनच हे काम करा. आत-बाहेर आयपीएनं पुसा, वाळू द्या, शिलाई मशीनचं दोन-तीन थेंब तेल घाला. दांडा बसवल्यावर तेल वर उसळून आलं तर जास्त झालं, टिपून घ्या. डायरेक्ट ड्राइव्हवर हा प्रयोग नाही, तिथं प्लॅटरखाली चुंबक असतात. आणि गंज सोडवायचा फवारा कुठंच मारू नका. तो आधी सगळं सैल करतो, मग उडून जातो आणि दांडा कोरडा राहतो.

वेग तपासायला स्ट्रोबची तबकडी (दिव्याच्या लुकलुकण्यात तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर) वापरणार असाल तर ५० हर्ट्‌झची घ्या : ३३⅓ साठी तिच्यावर १८० रेघा असतात. अमेरिकेची २१६ रेघांची इथं खोटं सांगते. एलईडी दिव्याखाली बहुधा रेघा स्थिर दिसतच नाहीत. जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूबलाइट शोधा. आमच्या गल्लीत आता ती एका पिठाच्या गिरणीत उरलीय, आणि मी खरोखर तिथं प्लेअर घेऊन गेलोय.

साकु

माझ्या शेजारचा रेडिओ दुरुस्तीवाला कानडी. मी पुढं हात घालायला लागलो की तो शांतपणे म्हणतो, “साकु.” पुरे. तो कुठं म्हणतो, ते सांगतो.

प्लेअरच्या लोखंडी भागाला हात लावल्यावर चिमटा बसला, तर प्लग काढा आणि पुढचं काही करू नका. आत २३० व्होल्ट आहेत. जळका वास, काळवंडलेला कॅपॅसिटर किंवा फुगलेला कॅपॅसिटर दिसला तर साकु : प्लग काढल्यावरही त्यात वीज उरू शकते. बेल्ट काढून मोटर एकटीच फिरवली आणि तरी तिचा वेग डगमगला, तर साकु. क्वार्ट्‌झवाला डायरेक्ट ड्राइव्ह वेग धरत नाही, तर साकु. तो सर्किटचा भाग आहे, तिथं सोल्डरिंग आणि आराखडा दोन्ही लागतात. अडॅप्टरवर चालणाऱ्या बऱ्याच मोटरच्या पाठीमागच्या भोकात वेगाचा बारीक स्क्रू असतो. वेग स्थिर असेल आणि फक्त थोडा कमी-जास्त असेल, तर तो केसभर फिरवायला हरकत नाही. सूर हलत असेल तर त्या स्क्रूला शिवू नका, त्यानं झोका जात नाही, फक्त मूळ वेग हरवतो.

तंत्रज्ञाकडं जाताना “सूर हलतो” एवढंच सांगू नका. एका कागदावर लिहून द्या : दहा झोक्यांना किती सेकंद, शंभर फेऱ्यांना किती वेळ, गरम झाल्यावर सुधारतं का, दुसऱ्या रेकॉर्डवर होतं का. तो कागद बघून चांगला माणूस निम्मा वेळ वाचवतो. आणि कोल्हापूर किंवा हुबळीची बस असेल, तर आर्म दोऱ्यानं बांधा, सुईवर टोपी घाला, प्लॅटर काढून वेगळा करा. तो जड असतो, डिकीत नको. वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घ्या.